चाळिसावं मिनिट

चाळीस हा आकडा मंजिरीनेच सुचवला होता, आणि त्या वेळी तो सगळ्यांना जरा जास्तच उदार वाटला होता.

"दहा मिनिटं पुष्कळ झाली," बैठकीत कुणीतरी म्हणालं. "एका आठवणीत माणूस त्याहून जास्त वेळ राहतच नाही. चारशे पेशंटांच्या नोंदी आहेत आपल्याकडे." प्रकल्पाच्या प्रमुख डॉक्टर कौसर इनामदार पंधरावर तयार झाल्या. मंजिरी बिडवे म्हणाली, "चाळीस ठेवू." का, असं कुणी विचारलं नाही. जेवणाची वेळ टळून गेली होती, पोटात कावळे ओरडत होते, आणि कुलपाचं काम मंजिरीचं होतं. ज्याचं काम त्याचा आकडा. चाळीस लिहिले गेले आणि मंडळी डबे उघडायला पळाली.

हे कुलूप कसलं, ते आधी सांगायला हवं.

२०३९ साली स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांना 'स्मृतिधर' बसवायला सुरुवात झाली होती. कानामागे त्वचेखाली बोटाच्या पेराएवढी चकती, आणि तिच्यापासून केसाहून बारीक तारा मेंदूच्या त्या भागात गेलेल्या, जिथे आठवणी बांधल्या जातात. मेंदू एखादी आठवण शोधू लागला आणि ती त्याच्या हाती लागेना, की चकती तिचा साठवलेला ठसा पुरवते. प्रत्येक आठवणीची एक फाइल.

पण आठवण म्हणजे अल्बममधला फोटो नव्हे. एकदा आठवली की ती थोडा वेळ कणकेसारखी मऊ पडते, आणि परत ठेवताना जराशी बदललेली ठेवली जाते. आपला सगळ्यांचाच मेंदू हे जन्मभर करत असतो. म्हणून तर एकाच लग्नाच्या पंगतीतलं भांडण चार भावंडं चार तऱ्हांनी सांगतात, आणि चौघंही शपथेवर सांगतात.

तेव्हा त्या फाइलींवर दोन प्रोग्राम काम करत. एक वाचक. मेंदूने मागितलं की त्याने फाइल उघडायची, आठवण चालू असेतो उघडी धरायची आणि शेवटी तिचं नवं रूप लिहून ठेवायचं. दुसरा डागडुजीवाला. आजाराने विरलेल्या जागा त्याने शेजारच्या आठवणींच्या आधाराने भरून काढायच्या. आता हे दोघे एकाच वेळी एकाच फाइलीत शिरले तर? एकाचं निम्मं पान लिहून होतंय तोच दुसरा त्याच पानावर लिहू लागेल, आणि उरेल ते ना याचं ना त्याचं. म्हणून कुलूप. फाइलीला हात लावण्याआधी प्रोग्रामने तिच्या नावाची एक छोटीशी खूण करून ठेवायची. खूण दिसली म्हणजे आत कुणीतरी आहे, आपण बाहेर थांबायचं. काम झालं की ज्याने केली त्याने खूण काढायची.

हे मंजिरीने सोलापूरच्या घरी वडिलांना समजावून सांगितलं, तेव्हा अण्णा भाकरी मोडता मोडता थांबले आणि खो खो हसले.

"म्हणजे गोळ्याचं मशीनच केलंस की गं तू!"

नागनाथ बिडवे, म्हणजे अण्णा, कासारगाव रोड नावाच्या एका आडगावच्या स्टेशनावर सव्वीस वर्षं मास्तर होते. एकेरी रूळ. या स्टेशनापासून पुढच्या जंक्शनापर्यंत चौदा किलोमीटर, आणि त्या चौदा किलोमीटरांत एका वेळी एकच गाडी. तिच्या ड्रायव्हरला मास्तरने मशीनमधून काढलेला एक पोलादी गोळा द्यायचा, चामड्याच्या पिशवीत घालून. तो गोळा पुढच्या स्टेशनातल्या मशीनमध्ये पडेपर्यंत दोन्ही बाजूंच्या मशीनांतून दुसरा गोळा निघत नाही. गोळा हातात नाही तर गाडी जागची हलायची नाही, मग आत बसलेला मंत्री असो की वऱ्हाड.

"आणि गोळा न घेताच गाडी हाकली तर?" मंजिरीने विचारलं.

"हाकली तर जाईल की. रूळ थोडाच अडवतोय? नियम पाळणारा माणूस अडवतो."

"आमचंही तसंच आहे, अण्णा. फाइलीला कुलूप असं लागत नाहीच. खूण बघून थांबायचं, हा प्रोग्रामांचा आपसातला करार. जो विचारणारच नाही, त्याला कोण थांबवणार?"

अण्णांनी शेंगाची चटणी पुढे ओढली. "बरं, आणि गोळा घेतलेली गाडी मधेच बंद पडली तर?"

"त्याची सोय केलीय. चाळीस मिनिटांत खूण निघाली नाही, तर वाचक बंद पडला असं समजायचं. खूण पुसायची आणि डागडुजीवाल्याला आत सोडायचं. नाहीतर ती आठवण कायमची अडकून पडेल."

"समजायचं?" अण्णा म्हणाले. "जाऊन बघायचं नाही?"

"तिथे कोण जाणार बघायला?"

चाळीस हा आकडा त्यांनीही ऐकला होता. त्यांनी नुसतीच चटणीत बोटं फिरवली आणि थोड्या वेळाने बोरामणीच्या द्राक्षांचा विषय काढला.

कारण बिडव्यांच्या घरात चाळीस मिनिटं म्हणजे नुसता आकडा नव्हता.

एकोणीसशे नव्व्याण्णवचा श्रावण. मंजिरी पाच वर्षांची. दुपारी दोनच्या सुमाराला क्वार्टरमागच्या सरपणातून लाकडं काढताना तिच्या आईला, इंदुमतीला, घोणस चावली. गावच्या दवाखान्यात लस नव्हती आणि रस्त्याचा ओढा दुथडी भरून वाहत होता. पण स्टेशनात खडीच्या गाडीचं इंजिन उभं होतं, आणि जंक्शनाला मोठं इस्पितळ होतं. वीस मिनिटांचा रस्ता. दोन वाजून दहा मिनिटांनी इंदुमतीला फलाटावर आणून निजवलं.

गोळ्याच्या मशीनवरचा काटा मात्र सांगत होता, आत गाडी आहे. सव्वा वाजता अण्णांनी एक मालगाडी जंक्शनाकडे सोडली होती. ती एव्हाना पोचायला हवी होती, पण तिचा गोळा पलीकडे पडल्याची खबर काही येत नव्हती, आणि फोन मुका झाला होता. इंजिनाचा ड्रायव्हर हात जोडून म्हणत होता, "मास्तर, मी नेतो, जबाबदारी माझी." अण्णांनी रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समनला सायकलवर रुळाकडेने पुढे धाडलं आणि इंजिन धरून ठेवलं. दोन पन्नासला फोन जिवंत झाला. मालगाडी दोन वाजताच पोचली होती. गोळाही टाकला होता. जंक्शनाचं मशीन अडकलं होतं, एवढंच.

रूळ रिकामा होता. इंजिन सुटलं. जंक्शन दोन किलोमीटरांवर असताना इंदुमती गेली.

मंजिरी पुढे अण्णांच्याच हाताखाली वाढली. वेण्या त्यांनी घातल्या, डबे त्यांनी दिले, इंजिनियरिंगला त्यांनी पाठवलं. पण एकोणिसाव्या वर्षी एकदा कशावरून तरी वाद झाला आणि ती बोलून गेली, "रूळ रिकामा होता, अण्णा. तुम्ही आईला रिकाम्या रुळासाठी थांबवलंत." मंजिरीने ते वाक्य पुन्हा कधी उच्चारलं नाही, परतही घेतलं नाही.

दोन वर्षांमागे अण्णांना स्मृतिधर बसवायचं ठरलं. आजार नुकता लागला होता, सही करण्याइतकी शुद्ध होती. संमतिपत्रावर अण्णांनी चष्मा सावरून आपल्या ठाशीव अक्षरात एक ओळ जास्तीची लिहिली: 'माझ्या आठवणीत कुणीही खाडाखोड करू नये. त्रासदायक असली तरी.'

"ही कशाला, काका?" डॉक्टर कौसर यांनी विचारलं.

"स्टेशनच्या रजिस्टरात रबर चालत नाही, बाई. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही."

दीड वर्ष यंत्राने उत्तम काम केलं. अण्णा शेजाऱ्यांची नावं विसरत, पण सव्वीस वर्षांतल्या गाड्यांचे नंबर घडाघडा सांगत. आजार मात्र आपल्या चालीने पुढे सरकत होताच. आधी अण्णा एखादा प्रसंग आठवत, हळहळत आणि बाहेर येत. मग ते प्रसंगात राहू लागले. तो जितका वेळ घडला तितकाच वेळ, मिनिटाला मिनिट. हे चारशे पेशंटांच्या नोंदींत कुठेच नव्हतं, कारण त्यातला एकही पेशंट इतका पुढे गेलेला नव्हता.

यंदाच्या श्रावणात, एका मंगळवारी दुपारी, मंजिरी आतल्या खोलीत काम करत होती. अण्णा गॅलरीतल्या खुर्चीत बसले होते. तीनला दहा कमी असताना त्यांची आरोळी आली.

"सोडलं! सोडलं गं मी!"

ती धावली. अण्णा उभे होते. ताठ, पस्तिशीतल्या माणसासारखे. तोंडावर असा आनंद तिने जन्मात पाहिला नव्हता.

"इंजिन सोडलं मी, मंजे. इंदूला वर चढवलं, तुला तिच्याशेजारी बसवलं. म्हटलं, आईचा हात सोडू नको. आता वीस मिनिटांत पोचतील. वाचंल ती."

लहानपणापासून अंथरुणात पडल्या पडल्या तिने जी दुपार मनाशी रचली होती, ती दुपार अण्णा तिला सांगत होते. तिने त्यांचे दोन्ही हात धरले. अण्णांची नजर त्या हातांकडे गेली.

"गोळा?" ते म्हणाले. हात उलटेपालटे करून पाहिले. "मी गोळा दिला नाही."

"अण्णा—"

"आत मालगाडी आहे. काटा पडलेला नाही. मी गोळ्याशिवाय सोडलं त्यांना. समोर गाडी उभी असली तर? वळणावर दिसत नाही गं, तिथं झाडी आहे." ते खुर्चीत कोसळले आणि गॅलरीच्या कठड्यापलीकडे कान लावून बसले. संध्याकाळ झाली तरी ते धडकेचा आवाज ऐकायला बसूनच होते.

मंजिरीने नोंदी उघडल्या. चारच ओळी होत्या. दोन दहाला वाचकाने त्या फाइलीवर खूण केली. दोन पन्नासला खूण शिळी ठरवून पुसण्यात आली. लगेच डागडुजीवाला आत गेला. त्याला दिसलं, आठवण भलतीच जागी अडलेली आहे, इंजिन उभंच आहे. शेजारच्या हजारो दुपारींत गाडी सुटते, तशी त्याने इथेही सोडली. तीन मिनिटांनी वाचकाने आपली अर्धी बाजू वर लिहून टाकली: न पडलेला काटा, रिकामे हात, आतली मालगाडी; आणि नवी खूण करून तो पुन्हा आत शिरला. फाइल मधोमध फाटली होती.

तिने त्या ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. बंद पडलेला वाचक आणि सावकाश चाललेला वाचक बाहेरून अगदी सारखे दिसतात, हे पहिल्या वर्षाचं पोरगंही सांगेल. थांबणाऱ्याला एवढंच कळतं, की खूण अजून निघालेली नाही. आत कुणी आहे की नाही, ते आत गेल्यावरच कळतं. तिने आकडा टाकला होता चाळीस, आणि तो कुठून आला हे तिला आज, या घडीला कळलं. दुसऱ्या कुणी टाकला असता तर दहा टाकला असता, नाहीतर तासभर टाकला असता. तिने आपल्या बापावरचा राग त्या ओळीत लिहून ठेवला होता. चाळीस मिनिटं झाली, आता आत कुणी नाही असं समजा आणि सोडा.

आत अण्णा होते.

तिने आधी डागडुजीवाला बंद केला, म्हणजे नवी खूण कुणी पुसणार नाही. मग ती किती तरी वेळ टेबलावर डोकं टेकून रडत बसली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर कौसर पुण्याहून आल्या. त्यांनी अण्णांना तपासलं, त्यांच्याजवळ बसल्या, आणि मंजिरीला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

"काल दुपारपासून जेवले नाहीत?"

"पाणीसुद्धा जबरदस्तीने. जरा डोळा लागला की दचकून उठतात. म्हणतात, फोन वाजला का?"

"आठवण संपतच नाहीये. शेवटच नाही तिला. मेंदू मागतच राहतो, वाचक देतच राहतो. आणखी चार दिवस असं चाललं तर हृदय नाही झेपायचं, मंजिरी."

"बिघाडाआधीची, पहिल्या तारखेची प्रत आहे प्रयोगशाळेत," मंजिरी म्हणाली. "जुनी, खरी."

"आहे. ती परत ठेवता येईल. किंवा—" डॉक्टरांनी ओट्यावरचा पेला उगाच सरकवला. "हीच फाइल पुरी करता येईल. इंजिन सुखरूप पोचलं, बाई वाचल्या. दोन ओळींचं काम आहे. माणूस सुखाने जाईल. मी डॉक्टर म्हणून सांगत नाही. माझ्याही घरी म्हातारे आहेत."

मंजिरी गॅलरीकडे बघत राहिली. जुनी प्रत ठेवायची म्हणजे त्या फलाटावर अण्णांना परत उभं करायचं. आई परत जाणार, आणि या वेळी तिच्या हाताने. शिवाय काल जे मिनिटभर भेटले, ते इंजिन सोडणारे अण्णा कायमचे गेले. ते तिला हवे होते. चाळीस वर्षं हवे होते.

"त्यांनी लिहून दिलंय," ती शेवटी म्हणाली. "खाडाखोड करू नये."

"दिलंय खरं. मग आता लगेच प्रत लिही. कुलूप मोडून लिही, तुला कोण अडवतंय?"

"नाही. अण्णा आत आहेत. एकदा मी समजले की नाहीत. आता ते बाहेर येईपर्यंत कुणी आत जायचं नाही."

"ते येणार कसे? ते तर फोन वाजायची वाट बघतायत, असं तूच म्हणतेस."

मंजिरीने मान वर केली.

गाडी पोचली हे मास्तरला कळतं कसं, ते तिने लहानपणी खिडकीशी बसून हजारदा ऐकलं होतं. पुढचं स्टेशन फोन करतं. गाडी पूर्ण आली, शेवटचा डबा डोळ्यांनी पाहिला, असं सांगतं, आणि आपल्या जवळच्या कागदावरचा दोन आकडी प्रायव्हेट नंबर देतं, म्हणजे सांगणारा कुणी ऐरागैरा नव्हे अशी खात्री पटते. तो नंबर रजिस्टरात चढला की सेक्शन, म्हणजे दोन स्टेशनांमधला रूळ, मोकळा. त्याशिवाय अण्णा कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

दुपारी अडीचला तिने अण्णांपुढे एक वही आणि पेन ठेवलं, फोन शेजारी ठेवला, स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि अण्णांचा नंबर लावला. डॉक्टर लॅपटॉपपुढे बसल्या. पडद्यावर वाचकाची खूण होती, तेवीस तास सदतीस मिनिटं जुनी.

पहिल्याच घंटीला अण्णांनी फोन उचलला. "कासारगाव रोड!"

"जंक्शन," मंजिरी म्हणाली.

"बोला, जंक्शन. इंजिन निघालंय माझ्याकडून. गोळ्याशिवाय. चूक माझी आहे, लिहून घ्या. पोचलं का?"

"इंजिन पूर्ण आलं, मास्तर. डोळ्यांनी पाहिलं. मालगाडी आधीच येऊन उभी आहे. सेक्शन मोकळा आहे."

तिकडून वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. "प्रायव्हेट नंबर?"

"सत्तावीस. दोन, सात."

"दोन, सात. सत्तावीस." पेन कागदावर फिरलं. "जंक्शन..."

"बोला."

"पेशंट होता इंजिनात. माझी बायको. कशी आहे?"

याचं उत्तर मंजिरीने फोन लावण्याआधी मनात घोकलं होतं, एक नव्हे तर दोन. दोन्ही तिच्या ओठांवर आली. डॉक्टर कौसर तिच्याकडे बघत होत्या.

"ते मला माहीत नाही, मास्तर," ती म्हणाली. "उतरवून नेलंय. मी स्टेशनात आहे. गाडी आली, एवढं मी पाहिलं. तेवढंच सांगता येईल."

पलीकडे पेनाचं टोपण लावल्याचा आवाज आला.

"बरोबर आहे," अण्णा म्हणाले. "पाहिलं तेवढंच सांगायचं. ठेवतो." आणि त्यांनी फोन ठेवला.

पडद्यावरची खूण गेली.

डॉक्टर कौसर उठून बाजूला झाल्या. मंजिरी बसली. फाइल मोकळी होती. जुनी प्रत तयार होती, आणि तिच्याच शेजारी दुरुस्तीची चौकटही उघडी होती. त्यात दोन ओळी लिहिल्या असत्या तर जगात कुणाला कळलं नसतं. तिने आपली खूण केली. आईचा हात सोडू नको, असं म्हणणारे अण्णा तिने एकदा डोळ्यांपुढे आणले. मग जुनी प्रत परत ठेवली, खूण काढली आणि अण्णांकडे गेली. ते खुर्चीत मान टाकून गाढ झोपले होते. मांडीवरच्या वहीत ठाशीव अक्षरात २७ लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. चहाच्या वेळी ते गॅलरीतून म्हणाले, नेहमीसारखंच, कुणाला असं नाही, "रूळ रिकामा होता गं."

इतकी वर्षं या वाक्यावर मंजिरी उठून आत जात असे. आज ती त्यांच्या पायाशी बसली.

"तेव्हा आपल्याला कुठं माहीत होतं, अण्णा?"

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. त्यांना वाक्य पोचलं की नाही, पोचलं तर किती वेळ टिकणार, ते तिला कळायला काही मार्ग नव्हता. त्यांचा हात तिच्या डोक्यावर आला आणि तिथेच राहिला.

त्याच आठवड्यात तिने चाळीसची ती ओळ काढून टाकली. प्रयोगशाळेत बरीच बाचाबाची झाली. वाचक खरंच बंद पडला तर काय, असं सगळ्यांनी विचारलं. तिने सांगितलं, खूण जुनी झाली तर यंत्राने काही समजायचं नाही, घरच्या माणसाला हाक मारायची. त्याने जाऊन बघायचं. हे वेळखाऊ आहे, भरवशाचं नाही, घरोघरी माणूस कुठून आणायचा, असे आक्षेप निघाले, आणि ते सगळे खरे होते.

पंधरा दिवसांनी तिचा फोन वाजला. यंत्राची हाक होती, खूण अजून निघाली नव्हती. तीनला दहा कमी होते. हातातलं काम टाकून ती गॅलरीत गेली. अण्णा डोळे मिटून ताठ बसले होते, मुठी आवळलेल्या. घाम फुटला होता. त्यांना हलवून बाहेर काढावं असं तिला फार वाटलं. तिने स्टूल ओढलं आणि जवळ बसली.

"अण्णा," ती हळूच म्हणाली, "आत कुणी आहे का?"

"मी आहे अजून," अण्णा डोळे न उघडता म्हणाले. "थांब जरा."

मंजिरी थांबली.